बैल हवेत, वखर मातीत

सोयाबीन पिवळं पडून पानं गाळायला लागलं की आमच्या भागात दोन गोष्टी नेमानं येतात. एक पाऊस, जो तेव्हा कुणालाच नको असतो. दुसरी म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात येणारी निळी पट्टी : नवीन अपडेट आलं आहे, आता घ्यायचं की नंतर? पाऊस विचारून येत नाही. ही निदान विचारते.

आज सकाळी ती आली. मी 'नंतर' दाबलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. घाई केल्यानं काय होतं ते मागच्या हंगामात पाहून झालं आहे.

मी कॉम्प्युटरवर शेती करते. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथंच हसून घ्यावं, पुढे सांगायला बरंच आहे. गुडघे गेल्यावर मुलानं मला रिठदहून रिसोडला आणलं. खाली त्याचं पंप-मोटारीचं दुकान, वर आम्ही, आणि रिठदचं शेत बटईनं दिलेलं. जन्मभर सोंगणीच्या, म्हणजे पीक कापणीच्या, दिवसांत जिनं कंबर सरळ केली नाही, तिला गॅलरीत खुर्ची दिली आणि सांगितलं, आराम कर. आराम दोन दिवस बरा असतो. तिसऱ्या दिवसापासून मी सुनेच्या स्वयंपाकात बोट घालायला लागले. माझी सून शोभा गुणाची आहे, पण तिच्याही सोसण्याला हद्द आहे. तिनं आपल्या पोरीला, म्हणजे माझ्या नातीला, पुण्याला फोन लावला. "आरती, तुह्या आजीले काहीतरी काम लावून दे व माय. नाही त मी माहेरी चालली."

आरती कॉम्प्युटरचं काम करते. सुटीत आली, दुकानातला कॉम्प्युटर वर आणला आणि त्यात शेतीचा खेळ टाकून दिला.

खेळ परदेशी. नजर जाईल तिथवर गहू, एक माणूस आणि घराएवढं यंत्र. पायाखाली धसकट नाही, अंगाला कुसळ नाही, शेजारी नाही, कुणाची शेळी पिकात शिरत नाही. माती अशी स्वच्छ की तिच्यावर पोळी लाटावी.

"हे त दवाखान्यावानी दिसून राह्यलं," मी म्हणाले. "असं शेत मले नोको."

"मंग तुले कसं पाह्यजे?"

"जसं हाय तसं."

तेव्हा आरतीनं मला मॉड ही वस्तू समजावली. मॉड म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनी न दिलेली, बाहेरच्या कुणीतरी करून आत घातलेली चीज. मी ते माझ्या परीनं असं समजून घेतलं : नवरीला सासरी जे घर मिळतं तो खेळ, आणि ती माहेरून पेटीत घालून जे आणते ते मॉड. अपडेट म्हणजे सासूनं एके सकाळी उठून सगळ्या मांडण्या बदलल्या. का बदलल्या, ते विचारायचं नाही. माहेरची पेटी आता कुठं बसेल, ही सासूची काळजी नाही.

आरतीनं हळूहळू पेटी भरली. पहिल्यांदा रिठदचं आमचं शेत केलं, विहिरीसकट, बाभळीसकट. मग बैलजोडी केली. मग वखर, त्याच्याबरोबरच नांगर. मग तूर. त्या खेळाला एका शेतात एकच पीक कळत होतं. सोयाबीनच्या मधून तुरीची तासं घ्यायची असतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पेरणीच्या ओळीला आम्ही तास म्हणतो. शेवटी तिनं रोही घातले. रोही म्हणजे नीलगाय, रात्रीतून पीक चरून जाणारं जनावर. ते मात्र माझ्यामुळे नाही, माझ्या जावेमुळे. ती म्हणाली होती, "रोही नाहीत त थे कायचं शेत? थे त फोटो झाला."

जाऊ शेतात कशी आली ते सांगायला हवं.

रिठदला आमचं शेत पूर्वी एकच होतं. माझे मालक आणि धाकटा दीर यांनी वाटणी केली आणि मधून धुरा घातला. बांधाला आम्ही धुरा म्हणतो. तो नेमका कुठून घातला यावरून पुढच्याच पेरणीला तोंडं फिरली. भांडण फक्त दोन तासांएवढ्या जमिनीचं. दोघे भाऊ पुढेमागे निघून गेले, धुरा राहिला, आणि त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघी जावा, मी थोरली आणि कौसल्या धाकटी. लग्नात नाही तर मयतीला समोर आलो की मी आभाळाकडे बघायची, ती जमिनीकडे. इतकी वर्षं सवय झाली की मान आपोआप वर जायची.

शेत कॉम्प्युटरमध्ये करायचं म्हणून आरती मोबाईल धरून सगळं रान फिरली. मला विचारलं, धुरा कुठून जातो? मी म्हणाले, बाभळीच्या पलीकडून. मग ती कौसल्येकडे गेली. भांडण म्हाताऱ्यांचं होतं, पोरीला दोन्ही घरांत चहा मिळायचा. कौसल्याही म्हणाली, बाभळीच्या पलीकडून. मी माझ्या बाजूनं बघणार, ती तिच्या बाजूनं. दोघींचं पलीकडं वेगळं. आरतीनं धुरा काढलाच नाही.

"दोघी खऱ्या असान त धुरे दोन काढा लागतीन," ती म्हणाली. "तेवढी जागा नाही माह्या नकाशात."

म्हणून खेळातलं शेत अखंड होतं, वाटणीच्या आधीचं. आणि आरतीनं आपला जुना लॅपटॉप कौसल्येला देऊन ठेवला, हे तिनं मला सांगितलं नाही.

एका दुपारी मी विहिरीजवळ उभी होते. पाहते तर माझ्या शेतात एक गोरा गडी. सोनेरी केस, निळी पँट, गळ्याला रुमाल. तुरीतून बिनघोर चालत येत होता. मी कानाला लावलेल्या माईकमधून ओरडले, "कोन हाय रे थो? तूर दिसत नाही काय?"

गडी थांबला. वळला. आणि कौसल्येच्या आवाजात म्हणाला, "दिसते ना. तुमी पेरली म्हून वाकडी दिसते."

तो आवाज मी कितीतरी वर्षांत माझ्याकडे तोंड करून ऐकला नव्हता. जरासाही मऊ झाला नव्हता.

खेळात आपलं रूप निवडायचं असतं हे तेव्हा आम्हा दोघींना माहीत नव्हतं. आरतीनं पहिलं जे होतं ते देऊन टाकलेलं. मला तांबूस दाढी होती. तर अशा रीतीनं रिठदच्या दोन जावा, एक दाढीवाला आणि एक सोनेरी केसांचा, बाभळीखाली उभ्या राहून तुरीवरून भांडल्या. कॉम्प्युटर बंद केला तेव्हा मला भूक लागली होती. बऱ्याच दिवसांनी.

पुढे कौसल्येनं आरतीकडे तक्रार केली, "मले पँटीत लाज वाटते. बाईचं त जाऊ दे, बाईले दाढीच शोभते." बाई म्हणजे मी. आरतीनं दोघींसाठी लुगड्याचा मॉड केला. मला हिरवं, तिला जांभळं.

दुपारची जेवणं आटोपली की आम्ही शेतात यायचो. ती वखर हाकायची, मी रोही हाकलायची. खेळातलं ऊन घामाशिवायचं, पण तिच्या बाजूनं खऱ्या कोंबड्यांचा आवाज यायचा, माझ्या बाजूनं दुकानातल्या मोटारीचा. बोलणं बहुतेक शेताचं. बी किती, ओल किती, तुम्ही नेहमीच घाईत, तू नेहमीच मागं. शेतातून बाहेर पडलं की एक शब्द नाही. तिच्या घरी फोन होता, माझ्याही. पण फोन कुणी करायचा? ज्याची चूक त्यानं. आणि चूक कुणाची, हे तर दोघे भाऊ ठरवता ठरवता मरून गेले. तेव्हा बोलायला ती एकच जागा होती, आणि तीही आम्ही मागितलेली नव्हती.

मागच्या हंगामात सोंगणी ऐन भरात असताना पाऊस लागला. खालून ट्रॉल्या जायच्या, त्यांच्यावरची ताडपत्री वाऱ्यानं फटफटायची, आणि ओल्या सोयाबीनचा आंबूस वास वर गॅलरीपर्यंत चढायचा. बटईवाल्यानं सोंगलेल्या पिकाची सुडी झाकली होती, पण खालच्या शेंगांना कोंब फुटले असं मुलगा सांगत आला. मला काही करता येत नव्हतं. खेळात मात्र कोरडं ऊन होतं आणि पीक सोंगायला आलेलं. तेवढ्यात ती निळी पट्टी आली. चांगल्या मनानं आली असेल असं वाटून मी 'आता' दाबलं.

बराच वेळ एक चाक फिरत राहिलं. मग शेत उघडलं.

बैल हवेत होते. बाभळीच्या शेंड्याच्या उंचीवर दोघे माना डोलवत निवांत चालले होते. वखर खाली मातीत होता आणि कुणी न ओढता आपला आपण ओढला जात होता. तूर जमिनीवर आडवी झोपली होती, सगळी एका कुशीवर. सगळे रोही विहिरीत जाऊन एकात एक घुसले होते आणि त्यांचं पुष्कळ पायांचं एकच जनावर झालं होतं. मी स्वतःकडे बघायला गेले, तर हिरवं लुगडं चालत होतं. आत बाई नव्हती.

शोभा धुणं वाळत घालायला निघाली होती, ती तिथंच थांबली. "आत्याबाई, हे कसं व? पदर हाय, डोकं नाही."

"डोकं असतं त बटन दाबलं असतं काय?" मी म्हणाले.

आरतीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "आजी, पॅच घ्यायच्या आधी मॉड काढून ठेवले होते काय?"

"कायले काढू? चांगले होते थे."

अपडेटलाच ती पॅच म्हणत होती. पॅच म्हणजे ठिगळ, हे मला सायकलच्या ट्यूबवरून माहीत होतं. पण ठिगळ फाटल्यावर लावतात. इथं ठिगळ लावल्यावर फाटलं होतं.

ती म्हणाली, खेळवाल्यांनी आतली रचना बदलली की मॉडला जुनी जागा सापडत नाही. बैलाला वाटतं जमीन अजून वरच आहे. म्हणून अपडेट आपोआप येऊ द्यायचं नाही. आधी शेताची आणि मॉडची नक्कल दुसरीकडे ठेवायची. मग मॉड सगळे बाहेर काढायचे, नुसता खेळ अपडेट करायचा, तो धड चालतो का पाहायचं. मग एक मॉड घालायचा, चालवून बघायचा. मग दुसरा. बिघडलं की समजायचं, शेवटी आलेला पाहुणा खोडकर.

हे मला लगेच पटलं, कारण पेरणीच्या आधी आम्ही दुसरं काय करतो? घरचं बी असो की पिशवीतलं, मूठभर दाणे ओल्या पोत्यावर मांडायचे, पोतं गुंडाळून ठेवायचं, कोंब किती आले ते पाहायचं. सगळं बी एकदम मातीत ओतून मग देवाला हात जोडणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. पाहिला असेल तर तो पुढच्या वर्षी दिसला नाही. आणि तरी मी स्वतः 'आता' दाबून बसले होते. पडद्याला ओलं पोतं लागतं हे कुणाच्या मनात येणार?

नक्कल आरतीकडे होती. पुढच्या रविवारी तिनं पुण्यातून बसून बैल जमिनीवर आणले, तुरीला उठवलं, लुगड्यात बाई घातली. एकेक मॉड ती पाठवायची, मी घालायची, शेत उघडायची आणि पाहून सांगायची. "बैल उतरले. शिंगं उलटी हायेत." "आता?" "आता बरोबर. रोही येऊ दे." शेत पूर्ववत झालं. फक्त कौसल्या आली नाही.

दुपार झाली, जेवणं झाली, मी बाभळीखाली उभी. जांभळं लुगडं दिसेना. आरतीनं सांगितलं, कौसल्येनं अपडेट घेतलंच नाही. खेळ आणि मॉड दोघींकडे एकच असतील तर शेत उघडतं. तिच्याकडे जुनं, माझ्याकडे नवं, म्हणून तिच्या पडद्यावर आलं की या शेतात तुम्हाला येता येत नाही.

"मंग तिले म्हनावं, घे."

"म्हटलं मी. थे म्हनते, चालून राह्यलं होतं त हात कायले लावू? बाईले घाई होती, बाईनं केलं. बाईनंच वापस जावं."

"मी वापस जात नाही. शेत आता कुठं सुधरलं."

"मंग तू फोन करून सांग तिले."

मी विचारलं, पुण्यात पाऊस आहे का.

"आजी, मी धुरा नाही तुमच्या दोघींच्या मधात पडून राहाले," आरती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. पोरगी माझ्यावर गेली आहे.

पीक उभं होतं. खेळातही सोयाबीन वेळेत सोंगलं नाही तर शेंगा तडकतात, ही सोय आरतीनंच करून ठेवली होती. मी एकटीनं सोंगायला घेतलं. बोटानं एक कळ दाबायची, एवढंच काम, पण शेत संपेना. तेवढं मोठं ते आधी वाटलं नव्हतं. तूर सरळ आली होती आणि तिला वाकडी म्हणायला कुणी नव्हतं. बाहेर पाऊस, आत ऊन, आणि मी मधेच माईकमध्ये एकटीच बोलत असते, हे शोभेनं सांगितलं तेव्हा मला कळलं. मी तिला म्हणाले, बैलांशी बोलते. ती म्हणाली, बैलांले कोन निर्बुद्धे म्हनते?

असे बरेच दिवस गेले. आणि एका सकाळी खाली जीप थांबली. गॅलरीतून पाहिलं तर कौसल्या उतरत होती, डोक्यावर पदर, पोटाशी खताची थैली धरलेली. एकेक पायरी चढून ती वर आली आणि दारातच उभी राहिली. माझी मान सवयीनं वर गेली. वर छत होतं. छताकडे किती वेळ बघणार?

"बाजारात आली होती," कौसल्या म्हणाली.

"आज बाजार नाही."

"म्हूनच गर्दी नव्हती."

शोभेच्या हातातली चाळणी तशीच राहिली. ती लग्न होऊन आल्यापासून धाकट्या सासूनं हा उंबरा ओलांडलेला तिनं पाहिला नव्हता. मी म्हणाले, "पाहून काय राह्यली? चहा ठेव. साखर कमी. कौसल्येले चालत नाही." हे मला कसं माहीत, असं शोभेनं विचारलं नाही. बाभळीखाली माणसं पिकाबरोबर आणखीही चार गोष्टी बोलून जातात.

कौसल्येनं थैली सोडली. आत गोधडीचा तुकडा, त्यात लॅपटॉप, आणि त्याच्यावर भुईमुगाच्या शेंगा, ओल्या मातीसकट. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ही इतकी म्हातारी कधी झाली? मला सोनेरी केसांची सवय झाली होती.

आरतीला फोन लावून टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "आरती, मी अन् कौसल्या आजी बसलो हावोत."

पलीकडे आरती घाबरून, "कोन गेलं?"

"कोनी गेलं नाही. हिचं अपडेट कर."

आरतीनं आधी नक्कल काढून घेतली, मग मॉड बाहेर, मग अपडेट. चाक फिरायला लागलं तशी तिला कामावरून हाक आली. "मी वापस फोन करतो. तोवर काहीच करू नका," असं सांगून ती गेली. दोन रिकाम्या म्हाताऱ्यांना काहीच करू नका हे सांगून उपयोग नसतो.

अपडेट झालं. आता मॉड घालायचे, तर लॅपटॉप म्हणाला, जागा कमी आहे. कौसल्येनं डोकं चालवलं.

"बाई, सगळं सामान दोन्ही घरी कायले पाह्यजे? सावड करू."

एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक बैल. दोघांनी मिळून जोडी करायची आणि आळीपाळीनं दोन्ही शेतं काढायची, ही सावड. आमच्या सासऱ्यांची अर्धी शेती तशीच झाली. मला त्यात काही चुकीचं दिसेना. शेत एक, माणसं दोन. अर्धे मॉड तिच्या यंत्रात, अर्धे माझ्या.

"बैल माह्याकडे राहू दे," मी म्हणाले. "तू वखर घे."

"बैल तुमच्याकडे काहून? मागच्या वाटनीत बी बैल तुमच्याकडेच गेले."

चाळणी पुन्हा थांबली.

"मंग घे बैल."

"घेतो."

"बैल घेतं त रोही बी घे."

"रोही थोरलीनं घ्यावं."

"हे कोन्या कायद्यात हाय?"

"तुमाले हाकलाची सवय हाय."

बैल आणि तूर तिच्याकडे गेले, वखर आणि रोही माझ्याकडे. विहीर शेताबरोबरच आली, तिची वाटणी करता येईना, नाही तर तीही केली असती. लुगडी जिची तिला. बरोब्बर वाटणी केली, जुन्या वाटणीपेक्षा शांतपणे केली, आणि आपापल्या यंत्रावर शेत उघडायला गेलो. तिच्या पडद्यावर आलं : येता येत नाही, वखर नाही, रोही नाहीत. माझ्या पडद्यावर आलं की माझ्याच शेतातले बैल आणि तूर सापडत नाहीत, उघडू की नको? म्हणजे आधी एकीला दार बंद होतं, आता दोघींना झालं.

आरतीचा परत फोन आला. आम्ही काय केलं ते ऐकून ती इतकी हसली की मी फोन उचलून जरा लांब धरला.

"आजी, याले सावड नाही समजत. जे तुह्याकडे थेच कौसल्या आजीकडे पाह्यजे. बैल दोघींकडे. वखर दोघींकडे. सगळंच्या सगळं, दोघींकडे पुरं."

कौसल्या पुढे सरकली. "अन् मंग कमी कोनाले येते?"

"कोनालेच नाही."

"असं कसं?"

"असंच हाय, आजी. नक्कल असते थे. दिल्यानं कमी होत नाही."

आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. दोघींनी आयुष्यात वाटण्या पाहिल्या होत्या. भांड्यांच्या, दागिन्यांच्या, सासूच्या सहा-सहा महिन्यांच्या. प्रत्येकीला अख्खं मिळतं अशी वाटणी दोघींच्याही कानावर आली नव्हती.

"बाई, असं तवा असतं त..." कौसल्या म्हणाली आणि थांबली.

"चहा घे," मी म्हणाले. "थंडा होऊन राह्यला."

जागा करायला तिच्या लॅपटॉपमधून काहीतरी पुसणं भाग होतं. तिच्या सुनेनं त्यात मालिका भरून ठेवल्या होत्या. त्या पुसल्या.

"तिनं विचारलं त?" कौसल्या म्हणाली.

"पॅचनं खाल्ल्या म्हन."

मग ओल्या पोत्याचा नेम. एक मॉड, दोन्ही यंत्रांत. उघड, बघ. दुसरा, दोन्ही यंत्रांत. उघड, बघ. दुपार तशीच गेली, भुईमुगाच्या टरफलांचा टेबलावर ढीग झाला आणि कुणी कुणाला घाई केली नाही. शेवटी हिरवं लुगडं बाभळीखाली उभं होतं आणि थोड्या वेळानं त्याच्या शेजारी जांभळं उभं राहिलं. दोघींच्या आत बाया होत्या. बैलांचे पाय जमिनीला टेकले होते.

आणि दोघी शेतात आल्याबरोबर मातीतून सळसळत गवताची एक पट्टी वर आली. विहिरीकडून निघाली, बाभळीला चिकटून गेली आणि शेताच्या टोकाला लागली. पडद्यावर अक्षरं आली. आरतीनं ती फोनवर वाचून मराठीत सांगितली : नव्या पॅचमध्ये सोय केली आहे. एका शेतात दोन शेतकरी आले तर जमीन आपोआप वेगळी करून मिळेल.

परदेशातल्या शहाण्या माणसांनाही शेवटी हेच सुचलं.

"थांबा," आरती म्हणाली, "थे सेटिंगमधून बंद होते, मी सांगतो कसं."

कौसल्या थांबली नाही. तिनं वखर सोडून बैल नांगराला जुंपले. जांभळं लुगडं गवताच्या टोकाशी जाऊन उभं राहिलं. खरी कौसल्या माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती, पण माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघून बोलली.

"बाई, नांगर घालू काय?"

"घाल."

"कुठून घालू?"

हाच प्रश्न होता. याच्यावर दोन माणसं गेली आणि आमची तोंडं बंद झाली.

"बाभळीच्या पलीकडून," मी म्हणाले.

"कोनाच्या पलीकडून?"

"तुह्या."

म्हणजे माझ्या बाजूची दोन तासं नांगरात गेली. गेली तर गेली, खेळातलीच होती. बैल शेताच्या टोकापर्यंत गेले, वळले, आणि येताना कौसल्येनं नांगर माझ्या पलीकडून घातला. तिचीही दोन तासं गेली. गवत मातीत मिळालं. फोनवर आरती विचारत होती, "हॅलो, आजी? बंद झालं काय?"

"झालं," मी म्हणाले.

"सेटिंग कुठं सापडलं?"

"सापडलं."

कौसल्या संध्याकाळच्या जीपनं गेली. जाताना उंबऱ्यात म्हणाली, "तूर मात्र मी पेरीन."

रिठदच्या खऱ्या शेतात धुरा आहे तिथंच आहे. त्याच्यावर गवत आहे, दोन्हीकडची गुरं ते चरतात, आणि त्याच्याबद्दल आम्ही अजूनही बोललेलो नाही. बोलायचं असतं तर बोललो असतो. यंदाही पाऊस ऐन सोंगणीत आला, खालून ट्रॉल्या जात आहेत, ताडपत्री फडफडते आहे, तोच आंबूस वास. आणि ती निळी पट्टी.

चहा झाल्यावर मी शेताची नक्कल काढली. मॉडची काढली. मॉड बाहेर काढून ठेवले. मग फोन उचलला आणि कौसल्येला लावला. याचा कुणी भलता अर्थ काढू नये. लाईट जायच्या आत काम उरकायचं होतं.

तिनं हॅलो म्हटलं नाही. "दाबलं काय?" विचारलं.

"नाही."

"दाबू नका. मी येऊन राह्यली. तसंही मले बाजारात काम हाय."

आता मी गॅलरीत बसले आहे. शोभेनं न सांगता दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. खाली जीप थांबली, आणि आधी खताची थैली उतरली, मग कौसल्या.

आज बाजार नाही.